शोनीचं खरं नाव

एम्रिस पॅरीला मी माझ्या हाताने वाढलं होतं, आणि तेही दोनदा. कलेजीचे गोळे, वाटाणे आणि वरून गरम गरम रस्सा. पहिली थाळी चाटूनपुसून मेला स्वयंपाकघराच्या वाढायच्या खिडकीशी परत आला आणि म्हणाला, "मेन्ना, तुझ्या हाताला काय चव आहे गं! आमच्या पॉन्तवेनमध्ये असलं काही मिळत नाही." मी येडी खूश झाले आणि तळाचे चांगले दाट गोळे काढून त्याला घातले. आता आठवलं की वाटतं, ते पातेलंच त्याच्या डोक्यात घालायला हवं होतं.

आमच्या कुमहेलीच्या रग्बी क्लबचं स्वयंपाकघर माझ्याकडे आहे. गावातली पोरं मला बोपा म्हणतात, म्हणजे सगळ्यांची मावशी. मैदानावर तुम्ही एकमेकांची नाकं फोडा, आईबापांचा उद्धार करा, मला काही देणंघेणं नाही. पण शेवटची शिट्टी वाजली की पाहुण्या संघाने आमच्या हॉलमध्ये यायचं. आधी त्यांनी जेवायचं, मग आमच्या पोरांनी. माझ्या सासूच्या आधीपासून हे चालत आलंय. हरलो म्हणून आमच्याकडे कधी कुणाच्या थाळीत गोळा कमी पडलेला नाही.

माझा नवरा इद्वल क्लबचा सेक्रेटरी. होता. हे 'होता' म्हणताना अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते. सामन्याच्या दिवशी हा माणूस चॅपेलला जाताना घालायचे ते बूट पॉलिश करून घालायचा आणि त्याच बुटांनी चिखलात कोपऱ्यांवरचे झेंडे रोवायचा. सामना संपला की सगळे बारकडे पळायचे, आणि हा एकटा झेंडे गोळा करत, रेफरीला गाडीपर्यंत सोडत, कपडे बदलायच्या खोलीतला चिखल झाडत बाहेरच. नव्याने लीग सुरू झाली तेव्हा आमच्यासारख्या टीचभर गावाला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. इद्वलने बस पकडून किती खेपा घातल्या, किती जणांच्या हातापाया पडला, तेव्हा कुठे आम्हाला सगळ्यात खालच्या गटात जागा मिळाली.

आणि त्या वर्षी आम्ही गटात पहिले होतो. कुमहेली! पहिले! सप्टेंबरपासून जो समोर येईल त्याला आमची पोरं धूळ चारत होती. सगळ्यात पुढे शोनी वॉटकिन्स. दिवसभर लोकांची छपरं दुरुस्त करायचा आणि शनिवारी लोकांची हाडं खिळखिळी करायचा. तीन माणसं अंगावर घेऊन पळायचा आणि वर त्यांनाच विचारायचा, "लागलं नाही ना, बट?" बट म्हणजे आमच्याकडे दोस्त. असं गुणी पोर.

जानेवारीत पॉन्तवेन आमच्याकडे आले. आमच्या शेजारच्याच खोऱ्यातलं गाव. त्यांच्याकडे नवीन बांधलेली बैठक, लाउडस्पीकर, आणि एम्रिस पॅरी नावाचा टाय लावणारा सेक्रेटरी. आम्ही त्यांना धू धू धुतलं. शोनीने चेंडू रेषेपार नेऊन दोन ट्राय केले. मग जेवणं झाली, गाणी सुरू झाली, आणि पद्धतीप्रमाणे सामना गाजवणाऱ्याला खुर्चीवर उभं केलं. शोनीची आई ग्लेनिस दोन ग्लास शेरी पिऊन तरंगत होती. ती पुढे आली, पोराच्या गळ्यात पडली आणि सगळ्यांसमोर ओरडली, "माझा क्लॅरन्स! माझं सोनं ते!"

छपरं दुरुस्त करणाऱ्या गड्याला असलं साहेबी नाव! मग जो हशा उसळला! आमचा चेअरमन डेन्झिल रॉसर, इद्वलचा शाळेपासूनचा दोस्त, तर टेबलावर चढला. "क्लॅरन्स! अरे देवा, क्लॅरन्स! महाराज, आपल्यासाठी चहा आणू का?"

"आई, गप्प बस गं," शोनी लालेलाल.

"का गप्प बसू?" ग्लेनिस म्हणाली. "हॉस्पिटलात मी क्लॅरन्सच लिहून दिलं होतं. याच्या बापाला ते नाव सहन झालं नाही. मेला म्हणाला, माझा आजा शोनी, माझा पोरगा शोनी. मग सगळं गाव शोनी म्हणायला लागलं. शाळेतल्या बाईसुद्धा!"

सगळे हसले. मीही खिडकीतून हसले. पॅरी माझा रस्सा पावाने पुसत हसला आणि म्हणाला, "म्हणजे कागदोपत्री क्लॅरन्स?" ग्लेनिस म्हणाली, "जन्मापासून!" पॅरीने मान डोलावली, तोंड पुसलं, माझे आभार मानले आणि निघून गेला. त्या वेळी हॉलमध्ये नव्हता तो फक्त इद्वल. तो बाहेर पावसात झेंडे उपटत होता. घरी गेल्यावर मीही त्याला काही सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच माझ्या डोक्यात आलं नाही.

मार्चमध्ये लीगचं पत्र आलं. कुमहेलीने मोसमभर जॉन वॉटकिन्स नावाचा खेळाडू खेळवला, त्या नावाचा माणूस अस्तित्वात नाही, जो खेळला त्याचं नाव क्लॅरन्स आणि त्याची नोंदच नाही. सबब तो ज्या ज्या सामन्यात खेळला त्या सगळ्यांचे गुण रद्द. तक्रारदार, पॉन्तवेन क्लबचे सेक्रेटरी.

जॉन कुठून आला, विचारा. अहो, शोनी म्हणजे जॉनच! आमच्याकडे जॉनलाच लाडाने शोनी म्हणतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. इद्वलने विचार केला, लीगच्या साहेबांना टोपणनाव काय कळवायचं, आपण नीट, पूर्ण, छापील नाव लिहावं. म्हणून त्याने शाईच्या पेनाने वळणदार अक्षरात लिहिलं, 'जॉन'. अघळपघळ माणसाने नुसतं 'शोनी' लिहिलं असतं, तर कदाचित कुणीतरी विचारलं असतं, हे कसलं नाव म्हणून. याने काळजी घेतली आणि तीच याच्या गळ्याशी आली.

शोनी त्याच संध्याकाळी आमच्या दारात. एवढा मोठा गडी, डोळे सुजलेले.

"बोपा, मी त्या कागदावर सही केली होती गं."

"मग वाचलं नाहीस, गाढवा? तुझं नाव जॉन आहे का?"

"इद्वलने लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, असं वाटलं मला."

"आणि आजवर कधी बोलला नाहीस ते?"

"मला कुणी विचारलंच नाही," तो म्हणाला. मी त्याला आत घेतलं आणि चहा दिला. इद्वल कोपऱ्यात बसला होता. तो उठला, शोनीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चूक माझी आहे, पोरा. तुझी नाही." त्या दिवसापासून तो जेवेनासा झाला.

माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती. चूक झाली, ठीक आहे. पण ती पॅरीला कळली कुठे? माझ्या टेबलावर! माझे गोळे तोंडात असताना! ज्याच्या घरी जेवलास, त्याच्या घरात आईने लाडाने घेतलेलं पोराचं नाव उचलून तू लीगला कळवतोस? खाल्ल्या मिठाला तरी जागायचं, मेल्या!

गावाचं तर विचारूच नका. कालपर्यंत 'इद्वल, इद्वल' करणारे लोक त्याला बघून रस्ता ओलांडायला लागले. पाववाल्याच्या दुकानात एक बाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "एक नाव धड लिहिता येत नाही, आणि म्हणे सेक्रेटरी." मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला एक चेंडू धड पकडता येत नाही, तरी आम्ही त्याला बारा वर्षं पोसलाच ना?" पाव तिथेच टाकून आले.

गुण गेल्यावर आम्ही थेट तळाला. तळाचा संघ लीगमधून बाहेर, हा नियम. बाहेर गेलं की धडधाकट पोरं दुसऱ्या क्लबांत जातात आणि मागे उरतात ते म्हातारे आणि झेंडे. पण शोनीचं नाव क्लॅरन्स म्हणून नीट नोंदवलं आणि आमची पोरं पुन्हा खुन्नसने खेळायला लागली. पुन्हा शून्यापासून थोडे गुण जमवले. शेवटचा सामना पॉन्तवेनच्या मैदानावर. जिंकलो असतो तर वाचलो असतो. शेवटच्या मिनिटाला आमची किक खांबाला लागून बाहेर आली. पॉन्तवेनवाले नाचायला लागले, कारण ते गटात पहिले आले होते. आमच्या जागेवर!

त्या सामन्याआधी लाउडस्पीकरवर त्यांच्या पोरांची नावं वाचली जात होती. "नंबर दोन, विल्यम एलिस." मी कान टवकारले. नंबर दोनचा पोरगा म्हणजे आमचा बिली, माझ्या चुलत बहिणीचा, आयर्लिसचा मुलगा. ती पॉन्तवेनला दिली आहे. सगळे त्याला बिली म्हणतात ते त्याच्या मामावरून, आणि बिली म्हणजे विल्यम हे खरंच. पण त्याच्या बाप्तिस्म्याला पोराला हातात धरून मी उभी होते. पाद्र्याने पाणी शिंपडलं आणि नाव घेतलं, ते माझ्या कानांनी ऐकलंय. ग्लिंडूर. विल्यमचा तिथे दूरदूरपर्यंत पत्ता नव्हता.

सामना संपल्यावर त्यांच्या हॉलमध्ये जायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण इद्वलने कोपर धरलं. "चल. हरलेल्या पाहुण्याने न खाता जायचं नसतं."

"माझ्या घशाखाली उतरणार नाही."

"एक सँडविच खा. पद्धत आहे."

म्हणून मी खाल्लं. हॅमचं सँडविच, कोरडं ठणठणीत, आणि मीठ नावालाच. तेवढ्यात पॅरी हसत हसत आला. टायवर क्लबची निशाणी. "वाईट वाटलं हो तुमचं. पण नियम म्हणजे नियम. मी आमच्या प्रत्येक पोराचं नाव स्वतः लिहितो. माझ्या हातून काही सुटत नाही."

"बिलीचंही?" मी गोड आवाजात विचारलं.

"विल्यम एलिस. सप्टेंबरमध्ये पहिलं नाव मी त्याचंच लिहिलं."

मला तिथल्या तिथे हसू फुटणार होतं. बसमध्ये बसल्याबरोबर मी इद्वलच्या कानात सगळं सांगितलं. बिली वर्षभर खेळलाय. पॉन्तवेनचे सगळे गुण जातात, ते आमच्या खाली जातात आणि आम्ही वाचतो. "मे संपायच्या आत तक्रार करायची फक्त. तू सेक्रेटरी आहेस. सही कर, मी तिकीट चिकटवते!"

इद्वल खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "तू त्यांच्याकडे खाल्लंस ना?"

"एक सँडविच!"

"खाल्लंस ना?"

"अरे, तूच तर खायला लावलंस मला!" मी एवढ्या जोरात ओरडले की पुढची पोरं वळून बघायला लागली.

"त्यांच्या टेबलावर खाऊन घरी येऊन तक्रार लिहायची, तर मग मी आणि पॅरी वेगळे कसे?" तो म्हणाला. "हे कुणाला सांगू नकोस, मेन्ना."

मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही. स्वयंपाक केला, थाळी आदळली, एवढंच. मला तेव्हा पॅरीपेक्षा याचाच जास्त राग आला होता. चांगुलपणा ठीक आहे हो, पण तो दाखवायची ही वेळ आहे का? याची इज्जत जाते आहे, क्लब जातो आहे, आणि हा सँडविच घेऊन बसलाय.

मग कमिटीची बैठक झाली. मी खिडकीमागे कप मांडत होते. डेन्झिल घसा खाकरून उभा राहिला. इद्वलच्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

"इद्वल, हे काही वैयक्तिक नाही. पण लोक विचारतात. कुणीतरी जबाबदारी घ्यायला हवी. आपण घर साफ केलंय असं लीगला दिसलं, तर पुढेमागे ते आपल्याला परत आत घेतील. म्हणून, सेक्रेटरीच्या पदावरून इद्वल प्रॉदरो यांना मोकळं करावं, असं मी सुचवतो. अनुकूल असतील त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. एकेक करत सगळे. ज्याच्या लग्नात इद्वलने करवला म्हणून मिरवलं त्याचा, ज्याच्या पोराला इद्वलने चिठ्ठी देऊन कारखान्यात चिकटवला त्याचा. इद्वलने खिशातून किल्ल्या काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "कपडे बदलायच्या खोलीचं कुलूप जरा अडकतं. किल्ली थोडी वर उचलून फिरवायची."

हे ऐकलं आणि माझ्या हातातला कप फुटला. खिडकीतून बोलण्यासारखं ते नव्हतंच. मी दार ढकलून एप्रनसकट आत गेले.

"लाजा वाटत नाहीत तुम्हाला? डेन्झिल, त्या दिवशी टेबलावर चढून 'क्लॅरन्स, क्लॅरन्स' कोण ओरडत होतं? माझी आई? तुम्ही सगळे होतात! सगळ्यांनी ऐकलं! एकटा हाच नव्हता, कारण तुमचे झेंडे हा गोळा करत होता. तुमच्यातल्या एकाला तरी सुचलं का की नोंदीत काय लिहिलंय बघावं? आता सगळे मोठे शहाणे झालात!"

"मेन्ना, शांत हो," डेन्झिल म्हणाला. "चूक ती चूकच."

"अशी चूक कुणाकडूनही होते! आपल्याकडे प्रत्येकाला दोन नावं! तो टायवाला पॅरी, त्याच्या हातून काही सुटत नाही म्हणे, त्याने आमच्या आयर्लिसच्या ग्लिंडूरला विल्यम म्हणून वर्षभर खेळवलाय! मग?"

बोलले आणि जीभ चावली. मी नवऱ्याची बाजू मांडायला बोलले होते, देवाशप्पथ. पण खोलीतली हवाच बदलली. सगळे आ वासून माझ्याकडे बघत होते, आणि मग एकेकाच्या तोंडावर हसू पसरायला लागलं.

"बिली एलिस?" डेन्झिल म्हणाला. "नंबर दोन? वर्षभर?" त्याने टेबलावर थाप मारली. "वाचलो! अरे, वाचलो! इद्वल, लिही, लवकर लिही! मे संपायला अजून वेळ आहे."

"मी कसा लिहू?" इद्वल शांतपणे म्हणाला. "तक्रारीवर सेक्रेटरीची सही लागते. मला तुम्ही आत्ताच काढलंत."

"मग घे परत! या घे किल्ल्या!" डेन्झिलने किल्ल्या त्याच्याकडे सरकवल्या. "झालं गेलं विसर. तू आहेस म्हणून क्लब आहे, हे काय आम्हाला माहीत नाही? तू म्हणशील तोवर तूच सेक्रेटरी. फक्त सही कर."

सगळं परत मिळत होतं हो त्याला. मान, किल्ल्या, क्लब, सगळं. मी मनात म्हणत होते, घे, इद्वल, घे. मेल्यांच्या हातातून ओढून घे.

इद्वलने किल्ल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी घरी जातो," तो म्हणाला, आणि टोपी घालून गेला.

दार लागल्यावर डेन्झिल म्हणाला, "म्हातारा हट्टी आहे. जाऊ दे. मेन्ना, मग तूच हो ना सेक्रेटरी. ती गोष्ट तुलाच ठाऊक आहे, तूच साक्षीदार. आणि पॅरीवर तुझाच तर राग आहे. काय रे, हरकत नाही ना कुणाची? हात वर करा."

परत हात वर. तेच हात. त्याच झटक्यात. एकाने तर गडबडीत दोन्ही वर केले. डेन्झिलने बैठकीच्या वहीत लिहून घेतलं, 'सेक्रेटरी, मेन्ना प्रॉदरो, एकमताने', आणि कागदपेन माझ्यासमोर ठेवलं. मी खुर्चीत बसले. पेन इद्वलचंच होतं.

खरं सांगते, मला सही करायची होती. माझी बोटं शिवशिवत होती. पॅरीचं तोंड कसं होईल, हे मी महिनाभर रोज भांडी घासताना डोळ्यांसमोर आणत होते. पण मी मान वर करून बघितलं, आणि टेबलाभोवती सगळे तोंडाला पाणी सुटल्यासारखे त्या कागदाकडे बघत होते. हेच तोंड मी जानेवारीत बघितलं होतं. माझा रस्सा पावाने पुसत ते म्हणालं होतं, 'म्हणजे कागदोपत्री क्लॅरन्स?'

"इद्वलच्या मागे कोण गेलं?" मी विचारलं.

"आं?"

"इद्वल गेला. 'माफ कर' म्हणायला त्याच्या मागे कोण गेलं तुमच्यापैकी?"

डेन्झिल म्हणाला, "ते बघू गं सावकाश. आधी हे पत्र."

"पत्र लिहिते," मी म्हटलं. "सेक्रेटरी आहे, तेव्हा काय लिहायचं ते मी ठरवणार." आणि लिहिलं. पेन कागदात घुसत होतं इतकी चिडले होते. सही ठोकली, कागद घडी करून एप्रनच्या खिशात घातला.

"दाखव की," डेन्झिल म्हणाला.

"ते लीगला नाही, पॅरीला आहे. तुम्हाला गुण हवेत ना? एक गुण मिळणार नाही. माझ्या नवऱ्याला लाथ मारायची आणि त्याच्याच बायकोच्या हाताने स्वतःला वाचवून घ्यायचं? मी काय दगडाची आहे? लीगमधून खाली जायचंय ते ताठ मानेने जाऊ. आणि एवढीच हौस असेल तर माझ्याविरुद्ध हात वर करा. सवय झालीच आहे तुम्हाला!"

"अगं, क्लब बुडेल!" डेन्झिल किंचाळला.

"बुडू दे! माणसं बुडाली त्याचं काय?" मी म्हटलं. किल्ल्या उचलल्या आणि बाहेर पडले. मागून काय शिव्या आल्या त्या मी ऐकल्या, आणि दोन-तीन परतही केल्या.

घरी इद्वल दिवा न लावता बसला होता. मी दिवा लावला आणि किल्ल्या त्याच्यासमोर आदळल्या.

"मला सेक्रेटरी केलंय."

त्याचा चेहरा पडला. "सही केलीस?"

"केली. घे, वाच. आणि वाचून झाल्यावर मला एक अक्षर शिकवू नकोस, सांगून ठेवते. तुझ्या त्या पद्धतीपायी आपण लीगच्या बाहेर जातोय, आणि मला त्याचा राग आहे, आणि तो राग मी मरेपर्यंत ठेवणार आहे."

त्याने चष्मा लावला. मी लिहिलं होतं: 'पॅरी, तुमच्या नंबर दोनच्या पोराचं खरं नाव ग्लिंडूर आहे, विल्यम नाही. पुढच्या मोसमाआधी दुरुस्त करून घ्या. आज आम्हाला कळलंय, उद्या तुमच्यासारख्या कुणाला कळेल. तुमच्या सँडविचमध्ये मीठ फार कमी होतं. पण होतं तेवढ्याला मी जागले.'

इद्वलने ते परत वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिला. मी चहाचं आधण ठेवायला वळले, कारण त्याच्याकडे बघवत नव्हतं. तर मागून त्याचा आवाज, अगदी सेक्रेटरीचा.

"ग्लिंडूर? नक्की?"

"मी स्वतः ऐकलंय."

"तरी आयर्लिसला फोन करून विचार. आणि ही सही वाचता येत नाही, मेन्ना. क्लबचं पत्र आहे. पूर्ण नाव लिही."

"पूर्ण म्हणजे?"

"म्हणजे पूर्ण. लग्नाच्या वेळी पाद्र्याने वाचलं होतं ते."

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे. "डेन्झिलने वहीत तुझं नाव काय लिहून घेतलंय?" त्याने विचारलं.

"मेन्ना प्रॉदरो."

इद्वलचे खांदे हलायला लागले. मार्चपासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. "म्हणजे तू तक्रारीवर सही केली असतीस, तरी चालली नसती," तो म्हणाला, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिला.

मी त्याच्या हातातून कागद हिसकावला, आणि खाली, वाचता येईल असं, लिहिलं, 'विल्हेल्मिना प्रॉदरो'. मग पेन त्याच्यासमोर ठेवून म्हटलं, "कुणाला सांगितलंस तर बघ."